वद्य द्वितीयेची ओहोटी

तारखेच्या बाबतीत माझी चूक होत नाही, असं मी सव्वीस वर्षं समजून चालले होते. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी सेक्शन ऑफिसर आहे. फायलीवर चुकीची तारीख दिसली की माझं डोकं फिरतं, आणि सेक्शनमधली मंडळी ते ओळखून आहेत. केतकी मॅडमकडे फाईल नेण्याआधी तारीख बघून घे, असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. म्हणून पुढचं सांगताना मला जरा जड जाणार आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला फरीदाबादला आमच्या घरी आत्याचा फोन आला. चंद्रप्रभाआत्या, बाबांची मोठी बहीण, त्यांची अक्का. वय ब्याऐंशी. लग्न केलं नाही, गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि अजून तिथेच एकटी राहते. गावाचं नाव आडबंदर. रत्नागिरीपासून दोन तासांवर, खाडीच्या तोंडाशी. एक बाजारपेठ, एक जेटी, एक शाळा, बाकी नारळ आणि पाणी. आत्याचा फोन यायचा तो भाऊबीजेला, तोही दोन मिनिटांपुरता. त्यामुळे डिसेंबरात तिचा आवाज ऐकून बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

दोन मिनिटांचं कारण मला ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा बाबा धावत गेले, पण तेही सरकारी नोकरीत, संसदेचं अधिवेशन चालू होतं, रजा मिळत नव्हती, आणि ते तिसऱ्या दिवशी परत निघाले. तेराव्यापर्यंतही थांबले नाहीत. निघताना आत्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "जा. तू पाहुणाच." बाबांनी ही गोष्ट मला आयुष्यात एकदाच सांगितली, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तर फोनवर आत्या म्हणाली की यंदा तिला वाकता येत नाही, माघ वद्य द्वितीयेला भाऊने यावं.

वाकण्याचा काय संबंध, ते सांगते. खाडीच्या पलीकडे देवशेत नावाचं गाव आहे. तिथली पाणजाई ही दोन्ही गावांची देवी. माघ वद्य द्वितीयेला सकाळी पूर्ण ओहोटी असते, खाडी जवळजवळ रिकामी होते, आणि देवीची पालखी होडीत न बसता चिखलातून चालत आडबंदरला येते. काठावरचं पहिलं घर आमचं. पालखी तिथे थांबते आणि घरात जन्मलेल्या माणसाने भोयांचे चिखलाचे पाय गरम पाण्याने धुवायचे. नोकरमाणूस चालत नाही, शेजारी चालत नाही. आजोबांनी धुतले, त्यांच्यानंतर आत्याने, आणि आजी गेल्यापासून बावीस वर्षं तर घरात ती एकटीच. धुणारं कुणी नसेल तर पालखी पुढच्या घरी जाते, आणि एकदा पुढे गेली की पुन्हा मागे थांबत नाही. आत्याचे दोन्ही गुडघे आता कामातून गेले होते.

बाबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, मी जाणार. वय अठ्ठ्याहत्तर, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं की एवढा एक प्रवास करा, नंतर मात्र माझ्याकडे परवानगी मागू नका. एकट्यांना सोडणं शक्यच नव्हतं. मी रजा टाकली. इशिताला, माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला, हिवाळ्याची सुट्टी होती. नवरा चैतन्य ऑडिटमध्ये अडकलेला, तो घरी राहणार होता.

राहिली तारीख. आमच्या फ्रिजशेजारी सेक्टरातल्या किराणावाल्याने दिलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर आधीच लटकत होतं. मी बोट फिरवत गेले. माघ, कृष्ण पक्ष, द्वितीया. पाच जानेवारी. बाबांना बोलावून दाखवलं. ते कॅलेंडरजवळ गेले, चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला, आणि म्हणाले, "हो, लिहिलंय खरं तसं." आत्याला आपण स्वतः कळवू, असंही म्हणाले. मी लगेच जाण्या-येण्याची तिकिटं काढली आणि कॅलेंडरवर लाल गोल केला.

जानेवारीतल्या धुक्याला दिल्लीकर म्हणून मी सरावलेली असायला हवी, पण त्या दिवशी निजामुद्दीनला माझा संयम सुटला. गाडी आधी दोन तास उशिरा, मग चार, मग सात. आता पोचणार चार तारखेला संध्याकाळी, पालखी पाचला सकाळी. मध्ये एक रात्र हातात. मी प्लॅटफॉर्मवर येरझारा घालत होते, चौकशीच्या खिडकीवर तीनदा भांडून आले. बाबा मात्र बाकावर बसून इशिताबरोबर तिळगुळाची गजक खात होते. गजक खरं तर आत्यासाठी घेतलेली. पोचू गं, असं ते मला दर अर्ध्या तासाने सांगत होते. मला त्यांच्या शांतपणाचा राग आला. इतक्या वर्षांनी बहिणीने बोलावलंय आणि या माणसाला घाई कशी नाही?

त्यांची बॅग उचलायला गेले तर खांदा निखळतोय की काय असं वाटलं. चार दिवसांसाठी एवढं काय भरलंय म्हणून विचारलं तर म्हणाले, स्वेटर. कोकणात स्वेटर कशाला, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

आडबंदरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याचं घर मी लहानपणी दोनदा पाहिलेलं. आता पत्रे नवे होते, अंगणात लाद्या होत्या, पायरीला लोखंडी कठडा होता. त्या कठड्याला धरून आत्या बाहेर आली. उंच, काटक, कपाळावर शाळेतल्या बाईंची आठी. तिने आम्हा तिघांकडे बघितलं, मग एकट्या बाबांकडे.

"आत्ताच कसा?" एवढंच ती म्हणाली.

सात तासांच्या उशिरावर हा टोमणा आहे असं मी समजले आणि धुक्याचं सांगायला लागले. तिने हाताने थांबवलं. शेजारची गिरिजा, तिशीतली बाई, आत्याचं वरचं काम बघणारी, तिला तिने हाक मारली आणि पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला सांगितलं. गिरिजाने तांब्या घेतला. इशिताच्या पायांवर पाणी, माझ्या पायांवर, मग बाबांच्या. बाबा लहानपणी ज्या पायरीवर खेळले त्या पायरीवर उभे राहून पाहुण्यासारखे पाय धुऊन घेत होते. जेवण झालं आणि सगळे आडवे झालो.

पहाटे पाचला मी उठले. परसातला बंब पेटवायला तासभर लागला, डोळे धुराने लाल झाले, पण पाणी तापलं. आत्याला सकाळी उठायला वेळ लागतो, गुडघे मोकळे व्हावे लागतात, म्हणून तिला हाक मारली नाही. साडेसहाला घंगाळ ओट्यावर आणून ठेवलं, बाबांना आणि इशिताला घेऊन काठावर गेले.

खाडी रिकामी होती. अगदी ऐकलं होतं तशी. मधोमध पाण्याचा एक अरुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना ओला चिखल चकाकत पडलेला. पलीकडे देवशेतच्या माडांवर नुकतं उजाडत होतं. "ओहोटी म्हणजे लो टाइड ना, मम्मी?" असं इशिताने विचारलं. मी हो म्हटलं. सात वाजले. सव्वासात झाले. पलीकडून ना ढोल, ना माणूस. चिखलात एक बाई वाकून टोपलीत तिसऱ्यांचे शिंपले गोळा करत होती. जवळ आल्यावर दिसलं, ती गिरिजाच होती.

मी तिला विचारलं की पालखी कुठपर्यंत आली.

तिने माझ्याकडे बघितलं, मागच्या घंगाळाकडे बघितलं. "पालखी माघात असते, ताई," ती म्हणाली. "आता पौष चालू आहे."

ती अत्यंत सौम्यपणे म्हणाली, आणि म्हणूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोन काढला आणि तिथेच चिखलाच्या कडेला उभी राहून सगळं वाचलं. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. तिथी एकच, पण कृष्ण पक्षाला ते पुढच्या महिन्याचं नाव देतात. फरीदाबादच्या किराणावाल्याचा माघ म्हणजे आडबंदरचा पौष. माझा जन्म दिल्लीतला, वय पन्नास, आणि हे मला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच पडलं नव्हतं. गुढीपाडवा, गणपती, दसरा, आम्ही घरी करतो ते सणवार बहुतेक शुक्ल पक्षातले, आणि तिथे दोन्ही कॅलेंडरं जुळतात. दिवाळीला तर कॅलेंडर बघावंच लागत नाही. पन्नास वर्षांत चूक उघडी पडायला जागाच मिळाली नव्हती. पाणी बरोबर वेळेला ओसरलं होतं, आम्ही बरोबर वेळेला काठावर होतो, फक्त देवी महिन्याने येणार होती.

बाबा खाडीकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, अच्छा. बस, एवढंच.

घरी येऊन आत्यासमोर मी अक्षरशः कबुलीजबाब दिला. आठ तारखेची परतीची तिकिटं. डॉक्टरांनी दुसऱ्या प्रवासाला नाही म्हटलेलं. मला फेब्रुवारीत रजा शक्य नाही, कारण बजेटचं अधिवेशन. 'अधिवेशन' हा शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. बावीस वर्षांपूर्वी तिने तोच शब्द बाबांच्या तोंडून ऐकला होता. आत्याने तो ऐकला, समजला, आणि तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली की पाणी तापलंच आहे तर पोरीला आंघोळ घाल.

पुढचे तीन दिवस मला आयुष्यभर पुरतील. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि बाकी सगळे मजेत. बाबा आम्हाला गाव दाखवत फिरले. जेटीवर नेलं, तिथे त्यांनी बोटीतून पहिल्यांदा मुंबईला जाताना उलटी केली होती ती जागा दाखवली. शाळेत नेलं, आत्याच्या हाताखाली शिकलेले हेडमास्तर आता स्वतः निवृत्तीला आलेले. बाजारात कोकमं घेतली. दुपारी समुद्राच्या बाजूला गेलो, तिथे मैलभर वाळू आणि एकही माणूस नाही. इशिताला हे पटेना. गुरुग्रामच्या मॉलमध्येसुद्धा आपल्याला बसायला बेंच मिळत नाही, ती म्हणाली, आणि इथे पूरा बीच खाली?

आत्याने तिला भरती-ओहोटी शिकवली. तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती. द्वितीयेला दीड वाजता. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. इशिताने तोंडी हिशेब करून मोबाईलवर पडताळून बघितलं आणि पंधरा-वीस मिनिटांचाच फरक निघाला, तेव्हा तिला आत्याआजीबद्दल जो आदर वाटला तो माझ्या वाट्याला कधी आलेला नाही. संध्याकाळी भाऊ-बहीण ओट्यावर बसत. एकदा मी चहा घेऊन गेले तर बाबा वाकून बघत होते, किती वाकता येतं ते. हात कसेबसे घोट्यापर्यंत पोचत होते. आत्या म्हणत होती, रोज थोडं थोडं वाक, एकदम नको.

रोज? मी मनात म्हटलं, आणि तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही.

सात तारखेला संध्याकाळी मी सामान आवरायला घेतलं. बाबांच्या गोळ्यांची डबी बॅगेत ठेवायला गेले आणि बॅगेच्या तळाशी एक कापडी पिशवी हाताला लागली. उघडली. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या. रक्त पातळ करायच्या गोळ्यांच्या चार. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या, जादाचा चष्मा. मी पट्ट्या मोजल्या. चाळीस दिवस पुरतील एवढं औषध. स्वेटर एकही नव्हता.

मी पिशवी घेऊन तडक ओट्यावर गेले. आत्या आत देवापाशी होती, बाबा एकटेच बसले होते. मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"दिल्लीत पंचावन्न वर्षं काढली मी, केतकी. उत्तरेचा माघ आणि आपला माघ मला कळत नाही?"

माझा असा संताप झाला की आवाज चढला. मी तीन दिवस झोपले नाही, गिरिजासमोर माझं हसं झालं, आणि तुम्ही कॅलेंडरसमोर उभे राहून मुकाट्याने हो म्हणालात. सरळ सांगायचं की मला महिनाभर राहायचंय.

"सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस?"

नसतंच सोडलं. स्टेंट, डॉक्टर, इथलं हॉस्पिटल दोन तासांवर, सगळं पॉईंटवार मांडून त्यांना गप्प केलं असतं. फायली मी तशाच बंद करते.

"एका दिवसासाठी आलेल्याचे पाय धुतात गं," बाबा म्हणाले. "आलो त्या संध्याकाळी धुतले ना माझे, तसे. दुसऱ्याचे पाय धुवायला घरचं माणूस लागतं. सकाळी उतरायचं, पाय धुवायचे आणि संध्याकाळी गाडी पकडायची, असं करून मी अक्काच्या दारात पुन्हा पाहुणाच झालो असतो. मला आधी घरचं व्हायचंय. त्याला महिना तरी लागणार."

मला रडू आलं. रागाचं होतं की कशाचं, कळत नव्हतं. पंचावन्न वर्षं सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम आणि फरीदाबादला जो माणूस घर म्हणत आला, त्याच्या मनात ही पायरी होती, आणि मला तिचा पत्ता नव्हता. दारात हालचाल झाली. आत्या कठडा धरून उभी होती. तिने किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ती बाबांना म्हणाली, "भाऊ, उद्या पहाटे बंब तू पेटव. केतकीला जमत नाही, धूर फार करते."

सकाळी गाडीला वेळ होता. इशिताला शेवटचं चिखलात जायचं होतं, मीही तिच्याबरोबर उतरले. घोट्यापर्यंत गार, मऊ चिखल. पंचमीची ओहोटी, पावणेदहाची, इशिताने आदल्या रात्रीच काढून ठेवलेली. आम्ही परत आलो तेव्हा आत्या पायरीशेजारी खुर्चीत बसली होती आणि गिरिजा तांब्या उचलायला निघाली होती. आत्याने तिला थांबवलं.

"भाऊ," ती म्हणाली, "पाहुण्यांचे पाय धू."

बाबा उठले. घंगाळातून तांब्या भरून घेतला, एक हात कठड्यावर, आणि सावकाश वाकले. मी मागे सरकले. बापाने लेकीच्या पायांपाशी वाकायचं म्हणजे काय? पण त्यांनी मान वर न करता सांगितलं, हलू नकोस, सवय करतोय. माझ्या पायांवर कोमट पाणी पडलं. धार नेमकी घोट्यावर येत होती. टाचेला चिखल आहे, घास, असं ते म्हणाले, आणि मी घासला. या पायरीवर आता पाहुणी मी होते. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही मी लपवलं नाही.

तीन तिकिटांवर आम्ही दोघी परत आलो. चैतन्यने स्टेशनवर तिसरं माणूस शोधलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून बॅगा उचलल्या. डॉक्टरांना मी स्वतः फोन केला आणि बोलणी खाल्ली. किराणावाल्याचं कॅलेंडर भिंतीवरच ठेवलं, फक्त तीन फेब्रुवारीवर दुसरा गोल केला.

तीन फेब्रुवारीला अधिवेशनामुळे लवकर पोचायचं होतं. साडेसातला मी मेट्रोत होते, बदरपूरच्या पुढे. गिरिजाने पाठवलेला फोटो आला. मागे रिकामी खाडी, ओट्यासमोर टेकवलेली पालखी, चिखलाने माखलेले आठ पाय, आणि त्यांच्यापुढे वाकलेले बाबा. आत्या मागे उभी होती. एका हाताने तिने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने बाबांचा सदरा, तोल जाऊ नये म्हणून.

मी तिथूनच आत्याला फोन लावला. ढोल इतके जोरात वाजत होते की आधी काही ऐकू येईना. मी मोठ्याने विचारलं, आत्या, झालं का सगळं नीट? डब्यातली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली.

"झालं," आत्या म्हणाली. "घरच्या माणसाने धुतले."